मुलाखतीची दस्तुरी

एका जागेसाठी शंभर अर्ज आले तर नव्याण्णव जणांच्या वाट्याला नकारच येणार, हे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून कोणी अन्यायाची ओरड करत असेल, तर तिच्याकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नाही. परंतु मुंबईत अलीकडे नोकरी शोधलेल्या माणसांशी बोलू लागले की असे दिसते, त्यांची तक्रार नकाराबद्दल नसतेच. ती असते नकारापर्यंत नेणाऱ्या वाटेबद्दल. पगाराचा आकडा शेवटपर्यंत न सांगता चार-चार फेऱ्यांना बोलावणे, चाचणीच्या नावाखाली प्रत्यक्ष काम करवून घेणे, आतला माणूस आधीच ठरलेल्या जागेसाठी बाहेरच्यांची रांग लावणे, आणि एवढे सगळे झाल्यावर ‘कळवतो’ असे म्हणून कायमचे गप्प बसणे, या गोष्टी आता इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की आपण त्यांना असभ्यपणा म्हणतो आणि सोडून देतो. असभ्यपणा त्यात आहेच. पण मुळाशी खर्चाची वाटणी आहे. माणूस निवडण्याचा जो खर्च मालकाने सोसायचा, तो गुपचूप उमेदवाराच्या अंगावर टाकला जातो. असा खर्च सौजन्याच्या उपदेशाने परत फिरत नाही, त्याला नियमच लागतो, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

हा खर्च मुंबईत अधिक का बोचतो, हे समजायला रेल्वेचा नकाशा पुरेसा आहे. कार्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात, लोअर परळला, अंधेरीच्या एमआयडीसीत, पवईला, मालाडला आणि खाडीपलीकडे ऐरोलीला. नोकरी शोधणारे मात्र विरार, नालासोपारा, बदलापूर, टिटवाळा, पनवेल येथे, कारण सुरुवातीच्या पगारात याहून जवळ घर परवडत नाही. सकाळी अकराची मुलाखत म्हणजे बदलापूरच्या माणसाला ऐन गर्दीची लोकल पकडणे आले. इस्त्रीचा शर्ट पिशवीत ठेवून टी-शर्टवर प्रवास करायचा आणि उतरल्यावर स्टेशनच्या स्वच्छतागृहात कपडे बदलायचे, ही युक्ती येथल्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. जो आधीपासून नोकरीत आहे त्याला रजाही खोटे बोलूनच काढावी लागते, आणि चार फेऱ्या चार वेगवेगळ्या दिवशी ठेवल्या की घरातले आणखी कोणकोण आजारी पाडायचे, हा प्रश्न उभा राहतो. पहिली फेरी आता बहुधा व्हिडिओवर होते, हा दिलासा मान्य करायला हवा. मात्र एका खोलीच्या घरात त्या पाऊण तासापुरता टीव्ही बंद ठेवून, कुकर उतरवून, आजोबांना गॅलरीत बसवून उमेदवार तयार होतो, आणि पलीकडचा माणूस स्वतःचा कॅमेरा बंद ठेवूनच प्रश्न विचारतो.

अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीच्या स्वागतकक्षात मला कामानिमित्त बराच वेळ ताटकळावे लागले होते. त्या दिवशी तेथे अकाउंट्सच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. दारावरच्या सुरक्षारक्षकाच्या वहीत नेहमीचे रकाने होते: नाव, कोठून आलात, कोणाला भेटायचे, कशासाठी, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. ‘कशासाठी’ या रकान्यात एकाखाली एक ‘इंटरव्ह्यू’ लिहिलेले होते आणि आत येण्याची वेळ सगळ्यांचीच साडेदहा-पावणेअकराची, कारण सगळ्यांनाच अकराला बोलावले होते. दीड वाजेपर्यंत बाहेर जाण्याच्या रकान्यात दोनच नोंदी झाल्या होत्या. फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या एका मुलीने खाली जाऊन काही खाऊन येऊ का, असे विचारले, तेव्हा रिसेप्शनवरून उत्तर आले, ‘‘तेवढ्यात नाव पुकारलं तर?’’ ती बसून राहिली. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा ती आत गेली आणि सात-आठ मिनिटांत परत आली. त्या दिवशी उमेदवारांनी किती वेळ मोजला याची नोंद कंपनीच्या भरतीच्या फाइलमध्ये निश्चितच नसेल. ती फक्त त्या वहीत होती, आणि ती वही चोरांसाठी ठेवलेली असते.

लोअर परळच्या ज्या जमिनीवर आज काचेच्या इमारतींत मुलाखती होतात, तेथे शंभर वर्षांपूर्वी भरती गिरणीच्या फाटकावर होत असे. माणूस घ्यायचा की नाही हे जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, ठरवी. रोज सकाळी फाटकावर जमलेल्या बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरत्या घेतल्या जाणाऱ्या, कामगारांतून तो माणसे उचली आणि त्याबद्दल त्यांच्याकडून दस्तुरी घेई. या लाचखोरीवर १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली आयोगाने, स्पष्ट बोट ठेवले आणि भरती जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्यांकडे द्यावी असे सुचवले. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्डे द्यायची, त्यांनीच रोज सकाळी फाटकावर यायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची सद्दी त्या योजनेने एका झटक्यात संपली असे नाही. पण लक्षात घेण्याजोगी बाब ही की जॉबरने दयाळू व्हावे, कामगाराशी गोड बोलावे, असा प्रयत्न कोणी केला नाही. त्याच्या मर्जीच्या जागी एक कार्ड आणले गेले. आजच्या एचआर विभागाच्या पूर्वजांत त्या काळचे कामगार अधिकारी मोडतात, आणि त्यांची नेमणूक मुळात ही मर्जी आवरण्यासाठी झाली होती, याचा विसर या विभागाला पडलेला दिसतो.

आजची दस्तुरी रोख नसते. तिचे सर्वांत उघड रूप म्हणजे असाइनमेंट. डिझाइन, जाहिरात, मजकूरलेखन, सॉफ्टवेअर, अगदी प्रकाशन व्यवसायातही ती आता दुसऱ्या फेरीचा भाग झाली आहे. उमेदवाराला काम येते की नाही हे पाहायला तासाभराची चाचणी पुरते. प्रत्यक्षात मात्र शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो आणि सोमवारपर्यंत एका खऱ्याखुऱ्या ग्राहकासाठी महिनाभराचा सोशल मीडियाचा आराखडा, दहा-बारा पोस्ट आणि दोन रील्सच्या संहिता मागितल्या जातात. डोंबिवलीच्या माझ्या परिचयातील एका ग्राफिक डिझायनर मुलीने असे काम पीडीएफ करून पाठवले, तेव्हा तिला सांगण्यात आले की पीडीएफ नको, ओपन फाइल पाठवा. या एका वाक्यात सगळे आले. ज्याला केवळ पारख करायची आहे त्याला चित्र दिसले की झाले. ओपन फाइल त्यालाच हवी, ज्याला त्या चित्रात फेरफार करून ते वापरायचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी सामान्यतः मालकाकडे जाते. उमेदवार हा नोकर नसतो, म्हणजे ते काम कायद्याने त्याचेच राहते. पण ज्याला नोकरी हवी आहे तो ती देऊ शकणाऱ्याला नोटीस पाठवणार कसा? तिने ओपन फाइल पाठवली. त्यानंतर उत्तर आले नाही.

पगाराच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक सफाईने होते. जागेसाठी किती पैसे मंजूर आहेत हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असते, तरी पहिला फोन आला की प्रश्न असतो, ‘‘करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेड किती?’’, म्हणजे सध्याचा एकूण वार्षिक पगार किती आणि अपेक्षा किती. एक बाजू आपली पाने छातीशी धरून बसते आणि दुसरीला आपली पाने टेबलावर उघडी ठेवायला सांगते. शिवाय जुन्या पगारावर काही टक्के चढवून नवा पगार ठरवण्याची जी रूढी आहे, तिच्यामुळे ज्याची सुरुवात कमी पैशांवर झाली तो पुढेही कमीवरच राहतो, मग काम तेच का असेना. मूल झाल्यावर तीन-चार वर्षे घरी थांबलेल्या बाईला याचा फटका दुहेरी बसतो: ‘गॅप’ हा तिचा दोष ठरतो आणि तिचा शेवटचा पगार जुन्या काळातला असतो. ऑफर हातात येण्याआधीच तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेचे स्टेटमेंट मागण्याची पद्धत तर इतकी रुळली आहे की ती कोणत्या अधिकाराने, हे विचारायचेच लोक विसरले आहेत. बँकेच्या स्टेटमेंटमधून केवळ पगार दिसत नाही. घराचा हप्ता, औषधांचा खर्च, गावी पाठवलेले पैसे, म्हणजे माणूस किती अडलेला आहे, हे सगळे दिसते, आणि अडलेल्याला कमी पैशांत घेता येते.

मुलाखतीतले खासगी प्रश्न हा याच व्यवहाराचा पुढचा भाग. ‘‘राहता कुठे?’’ हा मुंबईत निरुपद्रवी वाटणारा प्रश्न आहे. विरार किंवा बदलापूर असे उत्तर आले की पावसात लोकल बंद पडली तर याचे काय, असा हिशेब सुरू होतो. आणि मुस्लिमबहुल मुंब्रा किंवा गोवंडी म्हटले की उमेदवाराचा धर्म न विचारता कळतो. ‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात’ हे आपल्याकडे आपुलकीने विचारले जाते असे आपण मानतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये मुंबईतूनच निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता. त्यात गुणवत्तेशिवाय आम्ही काही पाहत नाही असे सांगणारे हेच अधिकारी घरची पार्श्वभूमी विचारणे मात्र आवश्यक मानत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा प्रयोगही तेथेच प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा ठेवला. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली, मुस्लिम नावांची तर फारच कमी.

२०२४ च्या मे महिन्यात गिरगावातल्या एका नोकरीच्या जाहिरातीत ‘मराठी माणसांनी अर्ज करू नये’ अशा अर्थाचा मजकूर झळकला आणि शहरात संतापाची लाट उसळली. संबंधितांना माफी मागावी लागली. तो संताप योग्यच होता. परंतु येथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. ते प्रकरण उघडकीस आले, कारण मनातली गोष्ट लिहून टाकण्याइतका भाबडेपणा कोणीतरी दाखवला. जे लिहीत नाहीत ते ‘कल्चर फिट नाही’ एवढे म्हणून मोकळे होतात, म्हणजे आमच्या वातावरणात बसणारा नाही, आणि त्या शब्दांमागे मराठी, बिहारी, दलित, मुसलमान, नवविवाहित आणि पन्नाशी उलटलेले, कोणीही लपवता येते. विवाहित स्त्रियांचे उदाहरण तर ताजे आहे: जून २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या आयफोन जोडणी कारखान्यात विवाहित स्त्रियांना टाळले जात असल्याची बातमी रॉयटर्सने दिली, तेव्हा केंद्रीय कामगार मंत्रालयाने तमिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. मागता आला, कारण भरतीत स्त्रियांना डावलण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यात मनाई होती. ती मनाई आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. दिव्यांग, तृतीयपंथी आणि एचआयव्हीबाधित व्यक्तींसाठीही स्वतंत्र कायद्यांत खासगी नोकरीपुरते काही संरक्षण आहे. परंतु जात, धर्म, प्रदेश किंवा वय यांवरून खासगी मालकाने केलेल्या निवडीला हात घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, कारण संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरतेच बोलते. आणि निवडीची प्रक्रिया कशी असावी, याबाबत तर खासगी क्षेत्रात कायदा जवळजवळ मुका आहे.

सरकारी क्षेत्रात तसे नाही. तेथे विलंब, पेपरफुटी आणि कज्जे यांनी उमेदवारांची वर्षे खाल्ली, हे खरेच. पण मुलाखत हा प्रकार मुळात किती बेभरवशाचा आहे, याचा विचार तेथे निदान झाला. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते, एकेकाची मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटे चालली होती, आणि प्रश्न होते आईवडील कोण, राहता कुठे असे. न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल असे सांगितले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच रद्द केली. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आजही २०२५ पैकी केवळ २७५ गुण मुलाखतीला आहेत. देशाचा जिल्हाधिकारी निवडताना समोरासमोरच्या गप्पांवर जेवढा विश्वास टाकला जात नाही, तेवढा विश्वास अंधेरीच्या कंपनीत ज्युनिअर अकाउंटंट निवडताना बिनदिक्कत टाकला जातो. निवडशास्त्रातील संशोधनही हेच सांगत आले आहे की सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरलेल्या निकषांवर विचारले तर मुलाखतीतून उमेदवाराच्या कामाचा अंदाज बरा येतो. मनाला येईल ते विचारले तर तो बिघडतो.

मालकांचे म्हणणे काय असते हेही पाहिले पाहिजे, आणि त्यातले सगळेच टाकाऊ नाही. एका बटणावर अर्ज करता येऊ लागल्यापासून एकेका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात आणि त्यांतले निम्मे वाचण्यालायकही नसतात. उमेदवार ऑफर लेटर घेऊन ते दुसरीकडे पगार वाढवून घ्यायला वापरतात आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन उचलत नाहीत. अनुभवाची खोटी पत्रे विकत मिळतात. हे सगळे घडते. पण जुलै २०२४ मध्ये कालिन्याला विमानतळावरील माल चढवण्या-उतरवण्याच्या कामांसाठी एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसने थेट मुलाखती ठेवल्या, तेव्हा दोन हजारांच्या आसपास जागांसाठी तरुणांचे जे लोंढे आले आणि शेवटी अर्ज ठेवून घरी जा असे सांगावे लागले, ते दृश्य पाहिलेल्या कोणालाही दोन्ही बाजू सारख्याच समर्थ आहेत असे म्हणता येणार नाही. रुजू न होणाऱ्या उमेदवारामुळे कंपनीचे काही आठवडे जातात. उत्तर न देणाऱ्या दहा कंपन्यांमुळे उमेदवाराचे घरभाडे थकते. शिवाय लबाडीचा धडा कोणी कोणाला शिकवला, हाही प्रश्न आहेच. जेथे खरा आकडा सांगणारा नेहमी तोट्यात जातो, तेथे दोन ऑफर हातात ठेवून घासाघीस करणे हा शहाणपणाच ठरतो. अर्जांचा पूर येतो ही अडचण तर पगार लपवल्यानेच वाढते. जाहिरातीत आकडा असता तर निम्मे लोक अर्जच करणार नाहीत.

मागण्या फार मोठ्या नाहीत. जाहिरातीत पगाराची किमान आणि कमाल मर्यादा असावी आणि जागा खरोखर रिकामी आहे की नाही हे लिहिलेले असावे. जुना पगार विचारू नये. तासाभरापेक्षा मोठ्या चाचणीला मोबदला असावा, आणि मुलाखत घेतलेल्या प्रत्येकाला ठरावीक मुदतीत होय किंवा नाही कळवावे. कारणे सांगावीत असा आग्रह मी धरणार नाही; कारणे सक्तीने मागितली की वकिलाने लिहून दिलेले एकच वाक्य सगळ्यांना जाईल. यांतले बरेचसे इतरत्र कायद्यात आलेही आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत पगाराची कक्षा देणे, जागा सध्या रिकामी आहे का ते सांगणे आणि मुलाखतीनंतर ४५ दिवसांत उमेदवाराला निर्णय कळवणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार पगाराची कक्षा वाटाघाटीआधी उमेदवाराला कळावी लागते आणि जुन्या पगाराची चौकशी करता येत नाही.

आपल्याकडे यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसण्याची गरज नाही. कामगार कल्याण आणि सेवाशर्ती हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहेत, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम अस्तित्वात आहे, ज्याच्या कलम १३ मध्ये भरतीत स्त्रियांशी भेदभाव करू नये असे आधीच म्हटले आहे. म्हणजे भरती हा या कायद्याच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असा बचाव कोणाला करता येणार नाही. लहान दुकानदाराला वगळून, ठरावीक संख्येहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांसाठी याच अधिनियमात एक प्रकरण वाढवता येईल. अंमलबजावणीला माणसे कोठून आणणार, ही शंका रास्त आहे, कारण निरीक्षकांच्या जागी आता तपासणीबरोबर सल्लाही देणारे सुविधाकार आले आहेत आणि मुंबईतल्या आस्थापना अगणित आहेत. भेदभाव सिद्ध करायला मनातले वाचावे लागते आणि तेथेच बहुतेक कायदे अडतात. या नियमांना मात्र तशी साक्ष लागत नाही. पगार छापलेला आहे की नाही, हे जाहिरातच सांगते. मुलाखत कधी झाली, याचा पुरावा म्हणून उमेदवाराला आत बोलावतानाच तारीख, पदाचे नाव आणि निर्णयाची शेवटची तारीख लिहिलेली एक पोचपावती देणे सक्तीचे केले, तर ती तारीख उलटल्यावर तक्रारीला तेवढा कागद पुरेसा ठरेल.